मायनर विषय : सही कोणाची?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला आठवड्यापूर्वीच बजावलं होतं, "काका, मुलांना मार्गदर्शन करा, पण वीस मिनिटांत. नंतर बटाटेवडे गार होतात." बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळ पाळायची सवय असते, त्यामुळे काळजी नसावी.

मार्गदर्शन हा शब्द मात्र जरा जड आहे. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण गेली दोन-तीन वर्षं जून-जुलै आला की आपल्या सोसायटीतली मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात. निवृत्त माणूस घरी सापडतो, शिवाय फॉर्म भरायची त्याला सवय असते, म्हणून येत असतील. प्रश्न असा, की "काका, बी.ए.ला किंवा बी.एस्सी.ला मेजर विषय ठरलाय, पण हा मायनर कुठला घ्यायचा?" आज त्याच एका प्रश्नावर बोलणार आहे. इंजिनीअरिंग, मेडिकलला जाणाऱ्यांनी रागावू नये. त्यांच्यासाठी सांगणारे पुष्कळ आहेत. कला आणि विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलांना सांगणारे कमी, म्हणून ही बाजू घेतली.

आधी हा मायनर म्हणजे काय, ते आजी-आजोबांसाठी सांगतो. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून पदवीची रचना बदलली. आता मुलगा नुसता "बी.ए. इकॉनॉमिक्स" करत नाही. त्याचा एक मुख्य विषय असतो, तो मेजर. त्याच्या जोडीला दुसरा एक विषय काही सत्रं सलग शिकायचा, तो मायनर. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली असं बरंच ताट वाढलेलं असतं. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट्स लागतात. राज्याच्या शासन निर्णयाप्रमाणे त्यातली 18 ते 20 क्रेडिट्स मायनरची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण 15 तास शिकवणं. म्हणजे मायनरला 270 ते 300 तास मिळतात. रुपयात पंधरा पैसे म्हणा ना! पंधरा पैसे किरकोळ वाटतात. पण आमच्या रिकरिंग डिपॉझिटच्या खातेदारांना विचारा, दर महिन्याला थोडं थोडं तीन वर्षं टाकलं की काय होतं ते.

माझ्या पिढीतल्यांना वाटेल की हे काहीतरी अमेरिकन खूळ आहे. तसं अजिबात नाही. मुंबई विद्यापीठात आमच्या वेळी प्रिन्सिपल आणि सबसिडिअरी असे विषय होतेच. मी स्वतः केमिस्ट्री प्रिन्सिपल आणि बॉटनी सबसिडिअरी घेऊन बी.एस्सी. झालो. मधल्या काळात ही पद्धत मागे पडली आणि आता नव्या नावाने परत आली.

अमेरिकेतही ही गोष्ट एका दिवसात ठरलेली नाही. हार्वर्डला चार्ल्स एलियट नावाचे अध्यक्ष 1869 ते 1909 अशी चाळीस वर्षं होते. त्यांनी मुलांना हवे ते विषय निवडायची मोकळीक दिली. मोकळीक इतकी झाली की काही मुलं सोपे सोपे विषय गोळा करून पदवी घेऊ लागली. मग त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी नियम केला, की एका विषयात खोल जायचं आणि बाकीचे विषय वेगवेगळ्या गटांतून घ्यायचे. खोली पण हवी आणि रुंदी पण हवी. आज तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत मायनर म्हणजे पाच-सहा पेपर, आणि मेजर कुठला हे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सांगितलं तरी चालतं. आपल्याकडे पुण्यात सिंबायोसिसने 2011 मध्ये लिबरल आर्ट्सची शाळा काढली, फ्लेमला 2015 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथली फी सगळ्यांना परवडणारी नाही. पण त्या कल्पनेतला एक तुकडा, म्हणजे हा मायनर, आता आपल्या नेहमीच्या कॉलेजात नेहमीच्या फीमध्ये मिळतोय. मिळतोय तर तो नीट वापरावा, एवढंच माझं म्हणणं.

आता हा वापरायचा कसा, यासाठी दोन मोठ्या माणसांची उदाहरणं देतो. दोघांचाही आमच्या धंद्याशी, म्हणजे पैशाशी, संबंध आहे म्हणून मला ती जवळची वाटतात.

पहिलं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. मुख्य विषयातून पुढे काय आलं, ते आम्हा बँकवाल्यांना ठाऊक आहे. 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हा ग्रंथ. पण जोडविषयातून काय आलं? मे 1916 मध्ये कोलंबियातच, गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, त्यांनी भारतातल्या जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. तेव्हा वय अवघं पंचवीस. जात कशी निर्माण झाली, ती टिकते कशी, याचा शास्त्रीय विचार त्यांनी तिथे मांडला. आता बघा, रुपयाचा प्रश्न अर्थशास्त्राने सुटेल. पण ज्या प्रश्नाने त्यांचं स्वतःचं बालपण पोळलं होतं, तो प्रश्न मांडायची हत्यारं त्यांना जोडविषयाने दिली. त्यांनी ते विषय "स्कोअरिंग" आहेत म्हणून घेतले असतील असं कोणाला वाटतं का?

दुसरं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, 1907 सालचा. शिक्षण हार्वर्डला, लॉवेल यांच्याच काळात. मुख्य विषय गणित, पण भाषा आणि इतर विषयांचाही दांडगा अभ्यास. 1929 मध्ये पदवी घेऊन भारतात आले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. तिथे असताना त्यांनी काय केलं, तर तक्षशिलेला सापडलेली प्राचीन आहत नाणी घेतली आणि ती तराजूत तोलली. त्यांचा विचार साधा होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं वजन कमी. मग एकाच प्रकारच्या पुष्कळ नाण्यांची वजनं घेऊन संख्याशास्त्र लावलं, तर कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची ते काढता येईल. पद्धत पारखायला त्यांनी त्या वेळची चलनातली नाणीसुद्धा तोलून पाहिली. मी कॅशियर म्हणून बसलो तेव्हा झिजलेली नाणी रोज हातातून जायची. त्या झिजेत इतिहास वाचता येतो हे सुचायला गणितही यावं लागतं आणि इतिहासाची ओढही लागते. नुसत्या गणितज्ञाने त्या नाण्यांकडे पाहिलं नसतं, आणि नुसत्या इतिहासकाराने ती तोलली नसती.

तुम्ही म्हणाल, काका, ही थोर माणसं. आमचं काय? तर मग एका सामान्य बँक अधिकाऱ्याचं उदाहरण देतो. तो मीच.

मी बँकेत लागलो तो राष्ट्रीयीकरणानंतरचा काळ. खेडोपाडी शाखा निघत होत्या. अधिकारी झाल्यावर मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत पाठवलं. आंब्याच्या बागेसाठी कर्जाचे अर्ज यायचे. ठरलेल्या तक्त्यात हप्ते बसवून कागद पुढे पाठवायची पद्धत. मी बागेत जायचो आणि पहिला प्रश्न विचारायचो, "कलमं की रायवळ?" कलमाची झाडं पाचव्या-सहाव्या वर्षापासून उत्पन्न देऊ लागतात. कोयीपासून वाढवलेल्या रायवळाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मग झाडाला फळ नसताना शेतकऱ्याने हप्ता भरायचा कुठून? दुसरी गोष्ट, हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो. कल्टारचा वापर तेव्हा सुरू व्हायचा होता. म्हणून मी प्रस्तावात लिहायचो, की या कर्जाचे हप्ते फळ धरल्यावर सुरू करावेत आणि एका वर्षी मोठा, एका वर्षी लहान ठेवावा. वरिष्ठ विचारायचे, "हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हणायचो, "सबसिडिअरी बॉटनीने." ते हसायचे, पण सही करायचे. त्या शाखेतली बागायतदारांची वसुली चांगली राहिली. केमिस्ट्री माझा मुख्य विषय. त्यातलं एक सूत्र मला बँकेत कधी लागलं नाही. पंधरा पैशांचा विषय मात्र अर्धं आयुष्य कामाला आला.

यातून मला जे समजलं ते सांगतो. मुख्य विषय तुम्हाला उत्तरं काढायला शिकवतो. जोडविषयामुळे तुम्हाला असे प्रश्न सुचतात, जे शेजारच्या टेबलावर बसलेल्याला सुचत नाहीत. म्हणून मायनर निवडताना "याला मार्क किती पडतात" आणि "मैत्रिणीने काय घेतलं" हे बाजूला ठेवून पाच गोष्टी तपासाव्यात. आमच्याकडे कर्ज मंजूर करण्याआधी चेकलिस्ट असायची, तशीच ही समजा.

पहिली गोष्ट. हा विषय मेजरमध्ये आधीच येऊन गेलेला आहे का? दोन्हींचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते मिळतात. निम्मं तेच ते असेल तर त्या तीनशे तासांत तुम्हाला नवीन फारसं मिळणार नाही.

दुसरी गोष्ट. याने पुढचं कुठलं दार उघडतं? हे नीट ऐका, कारण बऱ्याच पालकांना माहीत नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या आराखड्याप्रमाणे पदव्युत्तर शिक्षण मेजर विषयात घेता येतं, तसंच मायनर विषयातही घेता येऊ शकतं. अर्थात प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचून घ्याव्यात. म्हणजे विसाव्या वर्षी मुलाला वाटलं की आपली गाडी दुसऱ्या रुळावर हवी, तर मायनर हे सांधे बदलायचं ठिकाण आहे. काही वेळा तर मायनर मेजरलाच आधार देतो. अर्थशास्त्रात पुढे एम.ए. करायचं असेल तर कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सशिवाय पान हलत नाही. अशा मुलाने गणित किंवा संख्याशास्त्र घेतलं तर पुढे धाप लागणार नाही. मानसशास्त्रवाल्यांना संख्याशास्त्र किंवा जीवशास्त्र उपयोगी. इतिहासवाल्याला संस्कृत, फारसी अशी एखादी भाषा आली तर मूळ कागद वाचता येतात. आणि ज्यांच्या मनात यूपीएससी आहे त्यांच्यासाठी : मुख्य परीक्षेत 1750 पैकी 500 गुण वैकल्पिक विषयाचे असतात, आणि यादीतल्या पदवीच्या विषयापेक्षा वेगळा विषयही घेता येतो. तीन वर्षं मन लावून केलेला मायनर तिथे उपयोगी पडू शकतो.

तिसरी गोष्ट. पाया आहे का? बारावीला गणित सोडून दोन वर्षं झाली असतील तर एकदम गणिताचा मायनर घेणं म्हणजे पोहता येत नसताना खाडीत उडी. घ्यायचाच असेल तर आधी सुट्टीत उजळणी करा. प्रॅक्टिकलचा विषय असेल तर लक्षात ठेवा, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास लागतात. लोकलने ये-जा करणाऱ्या मुलाने हा हिशेब आधीच करावा.

चौथी गोष्ट. शिकवतं कोण? माहितीपुस्तिकेत दहा मायनर छापलेले असतात. त्यातले किती प्रत्यक्ष चालतात, जागा किती, वेळापत्रक मेजरशी आदळतं का, शिकवायला कायम प्राध्यापक आहेत की दर सत्राला नवीन माणूस येतो, हे कॉलेजात जाऊन विचारायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं तर खरं कळतं. चांगल्या शिक्षकाचा साधा विषय, हा न शिकवल्या जाणाऱ्या भारी विषयापेक्षा केव्हाही बरा.

पाचवी गोष्ट. मुलगा ते आपणहून वाचतो का? याची परीक्षा सोपी आहे. त्या विषयाचं पहिल्या वर्षाचं पुस्तक लायब्ररीतून आणा. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, एक प्रकरण वाचायला बसा. झोप लागली तर विषय तुमचा नाही. पान उलटून पुढे काय आहे ते बघावंसं वाटलं तर विचार करायला हरकत नाही.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो आणि एक सुटतो. ज्यांच्याकडे ही सोय आहे ते भाग्यवान. त्यांनी पहिलं वर्ष डोळे उघडे ठेवून काढावं. इतरांनी पुस्तिका वाचावी. मायनर मेजरच्याच शाखेतला घेता येतो, दुसऱ्या शाखेतलाही घेता येतो. दुसऱ्या शाखेतला चाखून बघायला ओपन इलेक्टिव्ह हा स्वस्त मार्ग आहे.

आता कागदावरून जरा घरात येऊ. कारण खरी अडचण घरात असते.

गेल्या वर्षीची गोष्ट. आपल्याच सोसायटीतली आहे, आणि बापलेक दोघांनीही सांगायला परवानगी दिली आहे. नावं घेत नाही. मुलगी बी.एस्सी.ला, मेजर संख्याशास्त्र. बाबांचं म्हणणं, मायनर कॉम्प्युटर सायन्सच. मुलीचं म्हणणं, भूगोल. भूगोल म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला. "भूगोल घेऊन काय नकाशे रंगवणार?" चार दिवस घरात बोलणं बंद. फॉर्मची मुदत दोन दिवसांवर. शेवटी आई दोघांना घेऊन माझ्याकडे आली.

बाबांना हसू नका. त्या माणसाने फ्लॅटचे हप्ते आणि मुलीची फी एकाच पगारातून काढली आहे. स्वतः एकदा कारखाना बंद पडल्यामुळे घरी बसलेला आहे. मुलीला नोकरी मिळावी, हा त्याचा आग्रह भीतीतून आलेला होता आणि ती भीती खोटी नव्हती. मी त्यांना काहीच उपदेश केला नाही. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम काढून टेबलावर ठेवला. त्यात प्रोग्रॅमिंग होतंच. कौशल्याच्या विषयांतही आणखी घेता येत होतं. म्हणजे बाबांना जे हवं होतं ते मेजरच्या पोटात बरंचसं आधीच होतं. मग मुलीला विचारलं, "भूगोलच का गं?" ती म्हणाली, "आजोबा, आपल्या नाल्याला पाणी दर पावसाळ्यात कुठे चढतं, ते नकाशावर मांडून बघायचंय. आकडे असतात, पण जागा कळली नाही तर आकड्यांचं काय करायचं?" भूगोलाच्या अभ्यासक्रमात जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती एकत्र बसवण्याचं तंत्र होतं, उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं होतं. बाबांनी ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे भूगोलात असतं होय!"

त्या मुलीने भूगोल घेतला. फॉर्म भरताना बाबा शेजारी बसले होते, बटण तिने दाबलं. पुढे तिला नोकरी कुठली मिळेल ते मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण त्या घरात बोलणं सुरू झालं, आणि मुलगी स्वतः निवडलेल्या विषयाच्या वर्गात बसते आहे. जो विषय आपण निवडला, त्याचा कंटाळा आला तरी माणूस तो निभावतो. लादलेल्या विषयाचा कंटाळा आला की तो घरच्यांवर राग काढतो.

पालकहो, आमच्या बँकेच्या भाषेत एक गंमत सांगतो. आमच्याकडे "मायनर" म्हणजे अज्ञान खातेदार. अठरा वर्षांखालचा. सातबाऱ्यावर "अ.पा.क." लिहिलेलं पाहिलं असेल तुम्ही, तो हाच अज्ञान. लहान मुलाचं खातं पालकांच्या सहीने चालतं. अठरा पूर्ण झाली की मुलगा सज्ञान होतो, नव्याने सहीचा नमुना द्यायचा, आणि त्या दिवसापासून त्या खात्यावर पालकांची सही चालत नाही. वडील कितीही मोठे असोत, आम्ही नम्रपणे सांगायचो, "साहेब, आता चिरंजीवांना पाठवा." कॉलेजात मायनर विषय निवडणारं मूल अठरा वर्षांचं असतं, किंवा होत आलेलं असतं. नाव मायनर असलं तरी सही त्या सज्ञान माणसाची हवी.

मग आईवडिलांनी काय करायचं? चांगल्या बँक अधिकाऱ्याने जे करायचं तेच. अधिकारी कर्जदाराला प्रश्न विचारतो, कागद तपासतो, बाग स्वतः जाऊन बघतो, धोका दाखवून देतो. पण झाडं कुठली लावायची ते शेतकरी ठरवतो, कारण पाणी त्याला घालायचं असतं. तुम्हीसुद्धा मुलांना ते पाच प्रश्न विचारा. खोदून विचारा. उत्तर आलं नाही तर "परवा सांग" म्हणा. पण उत्तर आलं, तर मग सही त्याला करू द्या.

आणि मुलांनो, याची दुसरी बाजू तुमच्याकडे. सही तुमची म्हणजे जबाबदारीही तुमची. मोबाईलवर फॉर्म उघडून दहा मिनिटांत ड्रॉप-डाउनमधला पहिला विषय टिचकी मारून निवडायचा आणि वर "माझी चॉईस" म्हणायचं, असं चालणार नाही. तुम्ही मिळवलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. 2021 मध्ये तिचे नियम झाले. मला या नावाचं फार कौतुक वाटलं. अडचण आली, शिक्षण मध्ये थांबवावं लागलं, तरी जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत धरली जातात. पण ही बँक ओव्हरड्राफ्ट देत नाही. जेवढं शिकलात तेवढंच खात्यावर दिसणार. तेव्हा तुमचं खातं या बँकेत उघडलं आहे का, आणि प्रत्येक सत्रानंतर जमा बरोबर दिसते का, ते तपासत जा. पासबुक न बघणारा खातेदार मला कधीच आवडला नाही.

शेवटची एक सूचना आहे, ती कार्यकारिणीसाठी. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या काळात आपण पाण्याची टाकी बांधली, रंगकाम दोनदा केलं, पार्किंगचा वाद... तो चालूच आहे. पण आपल्या या इमारतींत किती विषय राहतात, याची यादी आपण कधी केली नाही. आपल्याकडे शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई आहेत. औषध कंपनीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलेले गृहस्थ आहेत. कोर्टात दुभाषी म्हणून काम केलेल्या ताई आहेत. रेल्वेत सिग्नल सांभाळलेले आहेत. यातल्या प्रत्येकाने दोन विषय एकत्र वापरून संसार केला आहे. माझी विनंती अशी, की रौप्यमहोत्सवी वर्षाची आठवण म्हणून दर वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी, याच सभागृहात, मुलांनी या माणसांना प्रश्न विचारावेत. भाषण नको, हारतुरे नकोत, चहा मात्र असावा. नोटीस बोर्डावर नाव आणि विषय एवढंच लिहायचं. मुलाला ज्या विषयाचा मायनर घ्यायचा आहे, तो विषय पोटापाण्यासाठी वापरलेला माणूस दोन मजले खाली राहतो, हे त्याला कळलं तर निम्मं काम झालं. पहिल्या वर्षी केमिस्ट्री, बॉटनी आणि बँकिंग या खुर्चीवर मी बसायला तयार आहे. तब्येतीने साथ दिली तर त्यापुढेही बसेन.

सर्व सत्कारार्थी विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन. मेजर मन लावून शिका, मायनर विचार करून निवडा, आणि फॉर्म भरण्याआधी एकदा तरी घरी सगळ्यांनी मिळून जेवा.

वीस मिनिटं झाली. वडे वाट बघताहेत. माझे दोन शब्द इथेच संपवतो.